जुना वीजपुरवठादार सोडला, तरी खात्यातून पैसे का गेले?

ब्रिटनमधल्या घरगुती वीज आणि गॅसच्या दरांना कमाल मर्यादा घालून देणारी ऑफजेम ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी नवी मर्यादा जाहीर करते, आणि ती बातमी आली की स्लाव, हाउन्सलो, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा ठिकाणच्या मराठी घरांतही पुरवठादार बदलावा का, याची चर्चा सुरू होते. बदलणे आता फारच सोपे झाले आहे. पूर्वी ज्या कामाला आठवडे लागत, ते १८ जुलै २०२२ पासून पाच कामकाजाच्या दिवसांत होऊ लागले. नव्या कंपनीच्या संकेतस्थळावर पत्ता आणि बँकेचा तपशील भरला की जुन्या कंपनीला कळवण्याचे कामही नवीच करते. घरी कोणी येत नाही, तारा बदलत नाहीत, मीटरही तोच राहतो.

मनस्ताप सुरू होतो तो त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. बँकेचे ॲप उघडावे, तर सोडलेल्या पुरवठादाराने पुन्हा शंभर-सव्वाशे पौंड काढून घेतलेले दिसतात, आणि त्याच आठवड्यात नव्यानेही आपला हप्ता नेलेला असतो. फोन लावावा, तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. बँकेकडे जावे, जुन्या कंपनीकडे जावे की नव्या, हे न उमगल्यामुळे कित्येक जण त्या पैशांवर पाणी सोडतात, तर काही जण रागाच्या भरात असे काही करून बसतात की पुढे वसुलीची पत्रे यायला लागतात. दोन्ही टाळता येते. त्यासाठी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: खात्यातून पैसे काढण्याची रीत चुकली आहे का, आणि आपण किती देणे लागतो हा हिशोबच चुकला आहे का. पहिल्या तक्रारीसाठी बँकेचे दार ठोठावायचे असते, दुसरीसाठी पुरवठादाराचे. या वादांमधला निम्मा गोंधळ चुकीच्या दारात उभे राहिल्यामुळे होतो.

पैसे आपण देतो की कंपनी काढून घेते?

खात्यातून नियमित पैसे जाण्याचे ब्रिटनमध्ये दोन नेहमीचे मार्ग आहेत. एकात आपण बँकेला सांगतो, की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घरमालकाच्या खात्यात अमुक रक्कम टाक. रक्कम आणि तारीख आपण ठरवतो, बदलही आपणच करतो. याला स्टँडिंग ऑर्डर म्हणतात. डायरेक्ट डेबिटमध्ये याच्या नेमके उलटे होते. आपण कंपनीला परवानगी देतो, आणि पुढे किती पैसे, कोणत्या तारखेला काढायचे हे ती कंपनी ठरवून बँकेकडे मागणी करते. ही पद्धत १९६४ मध्ये युनिलिव्हर कंपनीत, आइस्क्रीम विक्रेत्यांकडून पैसे वेळेवर गोळा व्हावेत म्हणून निघाली असे सांगितले जाते. म्हणजे मुळापासूनच ती घेणाऱ्याच्या सोयीची आहे.

भारतात कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा हप्ता पूर्वी ज्या ईसीएस पद्धतीने कापला जाई आणि आता ज्या नॅच पद्धतीने कापला जातो, तिचा अनुभव असलेल्या वाचकाला हे लगेच समजेल. फरक असा, की ब्रिटनमध्ये घेणाऱ्याच्या हातात एवढा अधिकार दिल्यावर देणाऱ्यासाठी तितकेच भक्कम संरक्षणही ठेवले आहे. त्याला डायरेक्ट डेबिट हमी म्हणतात. पे डॉट यूके ही संस्था चालवत असलेल्या या योजनेतल्या सर्व बँकांना आणि बिल्डिंग सोसायट्यांना (म्हणजे ठेवी घेणाऱ्या आणि घरकर्ज देणाऱ्या, सभासदांच्या मालकीच्या संस्थांना) ही हमी पाळावीच लागते. तिच्यावर पुढे सविस्तर येऊ, कारण तिचे मोल लोकांना पुरते ठाऊक नसते आणि तिची मर्यादा त्याहूनही कमी ठाऊक असते.

दरमहा जाणारी रक्कम म्हणजे त्या महिन्याचे बिल नव्हे

बहुतेक घरांचा डायरेक्ट डेबिट ठरावीक रकमेचा असतो. पुरवठादार वर्षभराच्या वापराचा अंदाज बांधतो, त्याचे बारा भाग करतो आणि दरमहा एक भाग घेतो. वर्षाचा अंदाज १,८०० पौंडांचा असेल, तर महिन्याला १५० पौंड. पण थंड देशातला वापर बारा महिने सारखा नसतो. जुलैमध्ये बॉयलर फक्त अंघोळीच्या पाण्यापुरता चालतो, जानेवारीत तो दिवसभर घरघरत असतो. त्यामुळे उन्हाळ्यात आपण वापरापेक्षा जास्त भरत जातो आणि खात्यावर जमा साठत जाते, आणि हिवाळ्यात ती जमा वापरली जाते. घरात वर्षाचा तांदूळ एकदाच भरून ठेवावा आणि मग महिनोनमहिने काढून खावा, तसे हे आहे. कणगी कधी भरलेली दिसते, कधी तळ दिसतो, पण वर्षाचा हिशोब जुळतो.

याच कारणाने पुरवठादार वर्षाच्या कोणत्या महिन्यात बदलला, याला महत्त्व येते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोडणाऱ्याच्या नावावर बहुधा जमा असते आणि त्याला परतावा मिळायला हवा. मार्चमध्ये सोडणाऱ्याने हिवाळ्याचा गॅस वापरलेला असतो, पण त्याची पूर्ण किंमत हप्त्यांतून अजून फिटलेली नसते, म्हणून अंतिम बिलावर देणे निघते. दरमहा नियमित पैसे भरत असतानाही शेवटी दोनशे पौंडांची बाकी दाखवली, म्हणजे फसवणूक झाली, असे लगेच समजू नये. मात्र ती बाकी कशी आली हे विचारण्याचा पूर्ण हक्क आपल्याला आहे. ठरावीक हप्त्याची रक्कम उपलब्ध असलेल्या उत्तम आणि ताज्या माहितीवर आधारलेली असावी आणि ती कशी काढली हे ग्राहकाला सोप्या भाषेत सांगावे, ही अट पुरवठादाराच्या परवान्यातच आहे.

मुदतबंद दराचा करार मध्येच सोडला असेल, तर अंतिम बिलात मुदतपूर्व सोडण्याचे शुल्कही दिसू शकते. कराराच्या शेवटच्या ४९ दिवसांत बदल केला असेल, तर हे शुल्क लावता येत नाही. ते लावलेले दिसले तर कराराची शेवटची तारीख आधी तपासावी.

एकाच महिन्यात दोघांनीही पैसे घेतले, म्हणजे दुप्पट वसुली झाली का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी आहे. घरी दुधाचा रतीब लावलेला असतो असे धरा. जुना दूधवाला महिनाअखेरीला मागच्या तीस दिवसांचे पैसे मागतो, आणि नवा म्हणतो की पुढच्या महिन्याचे आगाऊ द्या. दोघांच्या हातावर एकाच दिवशी पैसे ठेवले, तरी दूध दोनदा विकत घेतलेले नाही. पुरवठादारांचेही तसेच होते. जुना मागील वापराचा उरलेला हिशोब घेत असतो, आणि अनेक नवे पुरवठादार पहिला हप्ता सुरुवातीलाच घेतात.

जुन्या कंपनीला अंतिम बिल पाठवायला बदलाच्या दिवसापासून सहा आठवड्यांची मुदत असते. या मधल्या काळात तिने नेहमीचा एखादा हप्ता नेला, तर तो आपल्या खात्यावर जमा होऊन अंतिम बिलातून वजा व्हायला हवा. तसा तो झाला आहे का, एवढेच पाहायचे असते. बँकेच्या विवरणात त्या हप्त्याची तारीख आणि रक्कम बघावी आणि अंतिम बिलावर ‘मिळालेली रक्कम’ या भागात तीच नोंद शोधावी. ती सापडली तर पैसे कुठेही हरवलेले नाहीत. सापडली नाही, तर तक्रारीसाठी पहिला ठोस मुद्दा हाती आला.

खरी दुप्पट वसुली कुठे होते?

ती होते मीटरच्या आकड्यात. पुन्हा दूधवाल्याकडेच येऊ. जुन्याने आपला हिशोब वीस तारखेपर्यंत लावला आणि नव्याने अठरा तारखेपासून, तर अठरा, एकोणीस आणि वीस या दिवसांचे पैसे दोघांनाही गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोणत्या दिवशी कोणाचे दूध आले याची खूण असेल, तरच हा वाद मिटतो. वीज आणि गॅसच्या बाबतीत ते कॅलेंडर म्हणजे बदलाच्या दिवसाचे मीटर रीडिंग.

नियम साधा आहे. जुन्याचे शेवटचे रीडिंग आणि नव्याचे पहिले रीडिंग हा एकच आकडा असला पाहिजे. नवा पुरवठादार बदलाच्या दिवसाच्या आसपास आपल्याकडून रीडिंग मागतो, ते तपासणीसाठी पुढे पाठवतो, आणि तपासून मान्य झालेला आकडा जुन्याला कळवला जातो. आपण रीडिंग दिलेच नाही, किंवा दिलेले वेळेत पोहोचले नाही, तर अंदाजे आकडा धरला जातो. महाराष्ट्रात मीटर वाचला गेला नाही की सरासरीचे बिल येते, तसाच हा प्रकार आहे. स्मार्ट मीटर असला तरी बेफिकीर राहू नये, कारण पुरवठादार बदलल्यावर काही जुन्या स्मार्ट मीटरांचा संपर्क तुटलेला आहे आणि तिथे पुन्हा अंदाजावर काम चालते.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. दोन्ही पुरवठादारांनी तोच आकडा धरला असेल, पण तो चुकीचा असेल, तर नुकसान मर्यादित असते. जुन्याने शंभर युनिट जास्त लावले, तर नवा ती शंभर युनिटे लावणारच नाही, आणि फरक फक्त दोघांच्या दरांत जेवढा असेल तेवढाच राहील. जुन्याचा शेवटचा आकडा नव्याच्या पहिल्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर मात्र मधल्या सगळ्या युनिटांचे पैसे दोनदा जातात. म्हणून अंतिम बिल आले की पहिले काम हे, की जुन्याचे अंतिम बिल आणि नव्याचे पहिले बिल टेबलावर शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवरचे रीडिंग बोटाने दाखवत ताडून पाहावे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो आहे. आमचा विजेचा मीटर जिन्याखालच्या कपाटात, कोट आणि छत्र्यांच्या मागे आहे. बदलाच्या दिवशी मी फोनच्या उजेडात त्याचे छायाचित्र काढले होते. त्यात आकडा स्पष्ट दिसत होता: ३१२८४. नव्या पुरवठादाराच्या बिलावरही तोच होता. जुन्याच्या अंतिम बिलावर मात्र ३१८४२ छापलेले होते. कोणाच्या तरी हातून आकड्यांची अदलाबदल झाली असावी. फरक ५५८ युनिटांचा, आणि २५ पेन्स दराने तो १३९ पौंड ५० पेन्स होत होता. वास्तविक माझ्या खात्यावर ६२ पौंड जमा असायला हवी होती, त्याऐवजी ७७ पौंड ५० पेन्स देणे दाखवले गेले, आणि ते ठरलेल्या तारखेला डायरेक्ट डेबिटने गेलेही. ते छायाचित्र, दोन्ही बिलांच्या प्रती आणि चार ओळींचे पत्र पाठवल्यावर काही आठवड्यांत पूर्ण १३९ पौंड ५० पेन्स परत आले. छायाचित्र नसते, तर माझा शब्द आणि त्यांचा संगणक यांच्यात किती काळ झुंज चालली असती, कोण जाणे.

गॅसच्या मीटरमध्ये आणखी एक चूक दडलेली असू शकते. ब्रिटनमधले जुने मीटर घनफुटांत मोजतात आणि नवे घनमीटरमध्ये, आणि जुन्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. नव्या पुरवठादाराने घनमीटरच्या मीटरची नोंद जुन्या प्रकारात केली, तर बिल जवळजवळ तिप्पट येते. मीटरच्या तोंडावर एकक छापलेले असते, तेच बिलावर आहे ना, हे एकदा बघून घ्यावे.

बँकेची हमी नेमके काय देते?

डायरेक्ट डेबिट हमीचे मुख्य वचन असे आहे: पैसे काढण्यात कंपनीकडून किंवा बँकेकडून चूक झाली, तर ग्राहकाला त्याच्या बँकेकडून पूर्ण आणि तत्काळ परतावा मिळेल. हा दावा करायला कालमर्यादा नाही. रक्कम, तारीख किंवा हप्त्यांमधले अंतर बदलणार असेल, तर कंपनीने आगाऊ सूचना द्यायलाच हवी. ही सूचना सर्वसाधारणपणे दहा कामकाजाचे दिवस आधी द्यायची असते, मात्र करारात याहून कमी मुदत ठरलेली असू शकते. शिवाय ग्राहक आपला डायरेक्ट डेबिट केव्हाही रद्द करू शकतो.

आता चूक कशाला म्हणायचे, हे उदाहरणांनी पाहू. अंतिम बिल ११२ पौंडांचे आले आणि खात्यातून १८६ गेले, तर ती चूक आहे. बिलावर २० तारीख होती आणि पैसे १२ तारखेला गेले, तीही चूक आहे. काहीच सूचना न देता पैसे काढले, किंवा आपण बँकेत रद्द केलेल्या डायरेक्ट डेबिटवर पुन्हा काढले, तर तीही चूकच. ओळखीच्या एका कुटुंबाने अंतिम बिल पूर्ण फेडले होते, तरी दोन महिन्यांनी जुन्या कंपनीने पूर्वीचाच ११८ पौंडांचा हप्ता पुन्हा काढला. त्यांनी बँकेला फोन केला, शून्य शिल्लक दाखवणारे अंतिम बिल हाताशी ठेवले, आणि पैसे परत आले. अशा प्रसंगी कंपनीच्या उत्तराची वाट पाहण्याची गरज नसते.

माझ्या ७७ पौंड ५० पेन्सांचे प्रकरण मात्र वेगळे होते. बिल चुकीच्या रीडिंगवर होते, पण त्या बिलात जी रक्कम आणि जी तारीख आगाऊ कळवली होती, त्याच तारखेला तीच रक्कम गेली. पैसे काढण्यात चूक नव्हती, मूळ हिशोबात होती. ही हमी ग्राहक आणि कंपनी यांच्यातला कराराचा किंवा बिलाचा वाद सोडवण्यासाठी नाही. म्हणून मी बँकेकडे न जाता पुरवठादाराकडे गेलो.

बँकेकडे दावा कसा करावा?

बँकेच्या ग्राहकसेवेला फोन करून किंवा ॲपमधून ‘डायरेक्ट डेबिट हमीखाली परतावा हवा आहे’ असे त्याच शब्दांत सांगावे. ‘माझे पैसे अडकले आहेत’ असे मोघम सांगितले, तर समोरची व्यक्ती ‘आधी कंपनीशी बोला’ म्हणून फोन ठेवण्याची शक्यता असते. हमीखालच्या दाव्यासाठी मात्र आधी कंपनीशी बोलणे बंधनकारक नाही. पैसे गेल्याची तारीख, रक्कम, विवरणात दिसणारे कंपनीचे नाव आणि संदर्भ क्रमांक, आणि नेमकी चूक काय, एवढे तयार ठेवावे. परतावा पूर्ण रकमेचा असतो. बँक आधी आपल्याला पैसे देते आणि नंतर ते कंपनीकडून वसूल करते.

ही हमी फक्त डायरेक्ट डेबिटला लागू आहे. डेबिट कार्डाचा सोळा आकडी क्रमांक देऊन पैसे भरले असतील, तर तो व्यवहार निराळा आणि त्याचे नियमही निराळे. आपण नेमके काय दिले होते, कार्डाचा क्रमांक की खात्याचा क्रमांक आणि सॉर्ट कोड, हे आधी आठवून पाहावे.

बँकेने पैसे परत दिले, मग प्रश्न मिटला ना?

मिटेलच असे नाही, आणि येथेच अनेक जण फसतात. बँकेने पैसे परत दिले म्हणजे पैसे काढण्यातली चूक दुरुस्त झाली. आपण पुरवठादाराचे काही देणे लागत नाही, असा निवाडा बँकेने दिलेला नसतो आणि तो देण्याचा तिला अधिकारही नाही. हमीच्या मजकुरातच लिहिलेले आहे, की ज्या परताव्याचा आपल्याला हक्क नव्हता तो मिळाला असेल, तर कंपनीने मागितल्यावर तो परत करावा लागेल. परतावा गेल्याबरोबर पुरवठादाराच्या खात्यावर तेवढी रक्कम पुन्हा थकबाकी म्हणून उभी राहते. ती खरोखर देणे असेल, तर स्मरणपत्रे येतात, मग वसुली संस्थेची पत्रे येतात, आणि शेवटी पतनोंदीत, म्हणजे क्रेडिट रिपोर्टमध्ये, थकबाकीदार म्हणून शेरा लागू शकतो. असा शेरा सहा वर्षे राहतो.

भारतातून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. इथे येऊन दोन-तीन वर्षे झालेल्या माणसाची पतनोंद आधीच पातळ असते. त्यात शंभर पौंडांच्या वादातून एक वाईट शेरा बसला, तर घरकर्जाच्या अर्जाच्या वेळी तो आडवा येतो. तेव्हा हमीखाली परतावा घेतला, की त्याच दिवशी पुरवठादारालाही लेखी कळवावे: अमुक रक्कम अमुक कारणासाठी बँकेमार्फत परत घेतली आहे, आणि माझ्या मते अंतिम शिल्लक इतकी आहे. ही कृपया तक्रार म्हणून नोंदवावी. रक्कम वादात आहे हे कागदावर असले, की आपली बाजू पुढे मांडता येते.

बदल होताच डायरेक्ट डेबिट रद्द केला तर?

मनात पहिली तीच गोष्ट येते, आणि हक्क म्हणून ती करता येते. तरीही अंतिम बिल येईपर्यंत थांबावे, असे मी सुचवेन. देणे निघत असेल, तर रद्द केल्यामुळे ते फिटत नाही, उलट लक्षात न राहिल्यामुळे थकते. जमा निघत असेल, तर परतावा कुठे पाठवायचा याचा घोळ होऊन तो लांबू शकतो. रद्द करण्याने वापरलेल्या विजेचे पैसे माफ होत नाहीत, फक्त ते काढून नेण्याची परवानगी संपते.

अपवाद अर्थातच आहेत. अंतिम बिल उघडच चुकीचे आहे, त्यावर पुढच्या आठवड्यात सहाशे पौंड जातील असे लिहिले आहे आणि खात्यात घरभाड्याचेच पैसे आहेत, अशा वेळी रद्द करणे शहाणपणाचे ठरते. मात्र तसे करताना पुरवठादाराला त्याच दिवशी लेखी कळवावे, आणि जेवढी रक्कम आपल्याला मान्य आहे तेवढी लगेच वेगळी भरून टाकावी. मान्य देणे फेडून उरलेल्याचा वाद घालणाऱ्या ग्राहकाची बाजू पुढे लवादासमोर बळकट असते.

पुरवठादार ऐकतच नसेल तर?

आधी तक्रार ‘तक्रार’ म्हणून नोंदवावी लागते. फोनवर चौकशी केली, एवढ्याने ती नोंदली जात नाही. ईमेलने लिहावे, तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि त्या दिवसापासून आठ आठवडे मोजावेत. रीडिंगचा वाद असेल, तर नव्या पुरवठादारालाही तेच पत्र पाठवावे, कारण बदलाच्या वेळचे रीडिंग तपासणीला पाठवणे हे त्याचे काम आहे. पत्रात राग कमी आणि आकडे जास्त असावेत: खाते क्रमांक, बदलाची तारीख, छायाचित्रातले रीडिंग, बिलावरचे रीडिंग, फरकाचे पैसे, आणि आपली नेमकी मागणी.

आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा त्याआधीच कंपनीने ‘यापुढे आम्ही काही करू शकत नाही’ असे लेखी कळवले, तर प्रकरण एनर्जी ओम्बुड्समनकडे नेता येते. हा स्वतंत्र लवाद आहे. ग्राहकाला त्याचे काही पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, आणि त्याचा निर्णय ग्राहकाने स्वीकारला की पुरवठादारावर तो बंधनकारक होतो. कंपनीचे ते लेखी उत्तर मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत जावे लागते. ऑफजेम स्वतः एकेका ग्राहकाच्या तक्रारी घेत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवून वेळ दवडू नये. सल्ला हवा असेल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस ही संस्था विनामूल्य मदत करते. उत्तर आयर्लंडमधला नियामक वेगळा आहे, आणि या लेखातले ऊर्जाविषयक नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरते आहेत.

वाद बँकेशीच असेल, म्हणजे उघड चूक असूनही ती हमीखाली परतावा देत नसेल, तर बँकेकडे औपचारिक तक्रार करावी आणि तिचे अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिसकडे जावे. दोन दारे, दोन लवाद. बँकेचा लवाद मीटरचे रीडिंग तपासणार नाही, आणि ऊर्जेचा लवाद बँकेच्या वागणुकीवर बोलणार नाही.

मागावे लागणारे, पण न मागताच मिळायला हवे असे पैसे

अंतिम बिल सहा आठवड्यांत आले नाही, किंवा त्या बिलानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत जमा रक्कम परत मिळाली नाही, तर पुरवठादाराने ग्राहकाला भरपाई द्यायची असते. २०२५ पासून ती ४० पौंड झाली आहे, त्याआधी ३० होती. ती आपोआप मिळायला हवी, पण मिळाली नाही तर नियमाचा उल्लेख करून मागावी. तसेच पुरवठादाराच्या चुकीमुळे बिल लावायचे राहून गेले असेल, तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे तो मागू शकत नाही. २०१८ पासूनचा हा नियम घरगुती ग्राहकांसाठी आहे. जुन्या कंपनीने दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याची वसुली अचानक अंतिम बिलात घातली, तर या नियमावर बोट ठेवावे.

पुरवठादारच बंद पडला, तर काय, ही धास्ती २०२१ आणि २०२२ मधल्या संकटानंतर अनेकांच्या मनात राहिली आहे. त्या काळात तीसच्या आसपास कंपन्या बुडाल्या. अशा वेळी ऑफजेम ग्राहकांना दुसऱ्या कंपनीकडे सोपवते आणि घरगुती ग्राहकांच्या खात्यावरची जमा सुरक्षित राहते. नव्या कंपनीची नेमणूक होईपर्यंत मीटरचे रीडिंग घ्यावे, जुनी बिले उतरवून ठेवावीत आणि स्वतःहून कुठेही बदल करू नये.

भारतात परतणाऱ्यांसाठी दोन शब्द

पुण्याला किंवा नाशिकला कायमचे परतताना सामान बांधण्याच्या धांदलीत ब्रिटनमधले बँक खाते आधी बंद करणारी बरीच कुटुंबे आहेत. त्यानंतर अंतिम बिल निघते, जमा रक्कम बंद खात्यावर पाठवली जाते आणि परत फिरते, किंवा देणे निघते आणि त्याची पत्रे रिकाम्या घराच्या दारात पडून राहतात. घर सोडण्याच्या दिवशी किल्ली देण्याआधी वीज आणि गॅस दोन्ही मीटरांचे छायाचित्र घ्यावे, पुरवठादाराला भारतातला ईमेल आणि पत्ता द्यावा, आणि बँक खाते निदान दोन-अडीच महिने चालू ठेवावे. अंतिम बिल आले, त्यावरचे रीडिंग छायाचित्राशी जुळले, पैसे आले किंवा गेले आणि शिल्लक शून्य दिसली, की मग बँकेच्या ॲपमधून तो डायरेक्ट डेबिट आपल्या हाताने रद्द करावा, रद्द झाल्याच्या पडद्याचे चित्र बिलाबरोबर जपून ठेवावे, आणि त्यानंतरच खाते बंद करण्याचा अर्ज द्यावा.